निगेटिव्ह अहवालाने लाइमची शंका मिटत नाही

अमेरिकेतील कनेक्टिकटहून सोलापूरला परतलेल्या आपल्या भावाच्या मांडीवर लाल चट्टा उठला, ताप आला, आणि आठव्या दिवशी केलेली लाइमची (गोचीड चावल्याने होणाऱ्या जिवाणूजन्य आजाराची) चाचणी निगेटिव्ह आल्याने घरचे निर्धास्त झाले, असे आपण लिहिले आहे. ही निर्धास्ती मला घाईची वाटते. ही चाचणी जंतू शोधत नाही, तर शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती रक्तात पुरेशी दिसायला काही आठवडे लागतात. उलट, गोचीड चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत उठणारा आणि पसरत ५ सेंटिमीटरहून मोठा होणारा चट्टा, रुग्ण लाइम आढळणाऱ्या भागातून आलेला असेल तर, निदानाला एकटाही पुरेसा ठरू शकतो. माझ्या भाचीच्या वेळी आम्ही चट्ट्याच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून ठेवली होती; दोन दिवसांनी लाली रेघेच्या बोटभर बाहेर गेली होती, आणि ते फोटो डॉक्टरांना फार उपयोगी पडले.

मात्र लाइमवरच अडून बसू नये. परतल्यावर भाऊ शेतावर गेला असेल, तर स्क्रब टायफस (बारीक किडीच्या चाव्यातून होणारा ताप; त्यात चाव्याच्या जागी अनेकदा काळी खपली धरते), डेंग्यू आणि चिकुनगुन्या यांचाही विचार व्हायला हवा. पुन्हा तपासणी कराल तेव्हा आधी एलायझा (प्रतिपिंडांची पहिली रक्तचाचणी) आणि ती पॉझिटिव्ह किंवा संदिग्ध आल्यास वेस्टर्न ब्लॉट (खात्रीसाठीची दुसरी चाचणी), असा क्रम ठेवावा. लक्षणांना महिना उलटल्यावर केवळ आयजीएम (संसर्गाच्या सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह आले, तर त्यावर विसंबू नये. प्रवासाच्या आणि चट्टा उठल्याच्या तारखा कागदावर लिहून फिजिशियनकडे न्या, आणि हे याच आठवड्यात करा.