विश्रामबाग वाडा: भार नेमका कशावर? आणि जुन्या वाड्याला सिमेंट का चालत नाही?

ओसरीवरचा:
पुण्याच्या विश्रामबाग वाड्यातले सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब आणि दर्शनी सज्जा सगळेच पाहतात. मला बांधणी समजून घ्यायची आहे. भार लाकडावर आहे की भिंतींवर? 1879 मध्ये आग लागूनही वाडा उभा कसा? शिवाय गावाकडच्या चौसोपी वाड्याच्या भिंतींना खालून तीनेक फूट ओल चढते, गिलावा सुटतो. गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवतोय. करावा का? जाणकारांनी सांगावं.

खणमोज्या:
भार लाकडावर. खाली दगडी तळखडा, त्यावर सागवानी खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त (आडवा लाकडी ठोकळा), हस्तावर तुळई (जाड आडवं लाकूड) आणि तुळईवर कडीपाट (कड्या आणि फळ्यांचं छत). दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, साधारण पाच-सहा फुटांचा. भिंत बरीचशी भरावाची असते आणि तिच्या पोटातही खांब असतात. तळखड्याकडे मुद्दाम बघा: खांबाचं बूड जमिनीच्या ओलीपासून उचलून धरणं हेच त्याचं काम. हस्त दोन्ही बाजूंना पुढे आलेला असतो, त्यामुळे तुळईचा अधांतरी भाग कमी होतो आणि ती वाकत नाही.

महिरपी पाहून लोक फसतात. दगडी कमान भार पेलते. वाड्यातली लाकडी महिरप म्हणजे खांबांच्या मध्ये बसवलेल्या कोरीव फळ्या. ती काढली तरी तुळई जागची हलणार नाही.

आगीचं म्हणाल तर सगळा वाडा वाचलाच नाही. पूर्वेकडचा भाग जळाला. तो नगरपालिकेचे पैसे आणि लोकवर्गणी यांतून पुन्हा बांधला, त्यामुळे समोर दिसणारं प्रत्येक लाकूड वाडा बांधणाऱ्या दुसऱ्या बाजीरावाच्या वेळचं समजू नये. आगीत पाट, फळ्या, महिरपी आधी जातात. जाड खांबाचा वरचा थर कोळसा होतो आणि तोच आतल्या लाकडाला काही वेळ वाचवतो. पुण्यातलाच पेशव्यांचा बुधवार वाडा त्याच वर्षी जळाला, तो मात्र गेलाच. विश्रामबागेत 1821 पासून संस्कृत पाठशाळा, पुढे नगरपालिकेची कचेरी असं काही ना काही चालू राहिलं. माझ्या मते तो टिकला त्याचं अर्धं श्रेय या राबत्याला आहे. रिकाम्या वाड्यात गळकं कौल कोण बदलतो?

भिजका चुना:
सिमेंट अजिबात नको. जोत्यातून चढलेली ओल चुन्याचा गिलावा बाहेर सोडतो, सिमेंट कोंडतं. मग तीन फुटांवरची ओल पाच फुटांवर जाते आणि भिंतीतले खांब आतल्या आत कुजतात. वरून भिंत कोरडी दिसते, म्हणून दोन-तीन वर्षं सगळे खूश असतात.

गिलाव्याआधी पाणी तोडा. चौकातलं गटार तुंबलंय का, पागोळ्या जोत्यालगत पडतात का, ते पाहा. भिंतीला टेकून सिमेंटचा कोबा केला असेल तर निदान फूटभर पट्टा फोडून काढा. जुना गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत खरवडा, सांधे बोटभर उकरा आणि भिंत काही आठवडे उघडी सुकू द्या.

कळीचा (न विरवलेला) चुना हौदात विरवून किमान तीन आठवडे पाण्याखाली ठेवा, मग चाळा. पिशवीतली भुकटी जुनी असेल तर ती हवेनेच मेलेली असते, धरत नाही. प्रमाण: 1 भाग चुना, 3 भाग धुतलेली वाळू, ओलीच्या पट्ट्यात त्यातला 1 भाग वाळू काढून विटांची सुरखी (भुकटी) घाला. एक थर 10-12 मिमीपेक्षा जाड नको, नाहीतर तडे हमखास. दोन थरांत आठवडाभर अंतर. ओलं गोणपाट लावून 10-14 दिवस पाणी मारा. भर उन्हाळ्यात हे काम काढू नका. वर चुन्याची सफेदीच, प्लास्टिक पेंट लावलात तर केलेलं सगळं फुकट.

चुन्यात घालतात ते गूळ-बेलफळ-हिरड्याचं पाणी बेतानं. गूळ जास्त झाला की बुरशी धरते.

ओसरीवरचा:
धन्यवाद! भिंतीतले खांब कुजलेत का, हे भिंत न पाडता कळेल?

खणमोज्या:
तळाशी वीतभर गिलावा काढा. हातोडीच्या दांड्यानं ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर टोकदार स्क्रूड्रायव्हर टोचा. अर्ध्या इंचाहून सहज आत गेला तर लाकूड गेलंय. तुळईची भिंतीत घुसलेली टोकंही अशीच तपासा, न्हाणीघराच्या नि टाकीच्या बाजूची आधी.

नुसतं बूड कुजलं असेल तर अख्खा खांब बदलू नका. शेजारच्या खणांनाही टेकू द्या, कुजका भाग कापा आणि जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या निदान तिप्पट हवी. जॅकनं तुळई भार सुटण्यापुरतीच उचला, जास्त उचललीत तर वरच्या मजल्याच्या भिंतीला चीर पडते. पोकळीत सिमेंट किंवा एम-सील भरणारा सुतार भेटला तर नमस्कार करून परत पाठवा. वाळवीचा माग दिसला तर सांध्याआधी औषध.