डोहातला ओंडका काढून झोपाळा करायचाय (बजेट 15 हजार)

जगबुडीकाठ: मंडळी, खेडजवळ आमच्या वाडीखाली जगबुडी नदीच्या डोहात एक ओंडका रुतलाय, 2021 च्या जुलैतल्या पुरात आला म्हणतात. मे महिन्यात पाणी उतरलं की हातभर वर दिसतो. दोरीने मोजला, 14 फूट लांब, गोलाई 5 फूट. कोयत्याने खाप मारली तर आतून तपकिरी, कडक. बाबा रोज तिथेच गळ टाकून बसतात. ओटीवरचा झोपाळा मोडलाय, फळी निघेल का? काढणं-कापणं धरून 15 हजार, त्यावर एक रुपया नाही.

फणसवाला: जेसीबी बोलव, विषय संपला. मी क्रेन आणली होती, 22 हजार गेले पण काम झालं.

जगबुडीकाठ: दादा, डोहापर्यंत बैलगाडी पण जात नाही.

सुतारदा: गोलाईचा चौथा भाग सव्वा फूट, सव्वा गुणिले सव्वा गुणिले 14, म्हणजे 22 घनफुटाला थोडं कमी. पण ओला ओंडका पाऊण टनाच्या वर भरणार. पाण्यात असेपर्यंत मात्र हलका, दोनशे लिटरचे दोन रिकामे ड्रम दोन्ही टोकांना बांधले की तरंगतो, गाळातून सुटला पाहिजे एवढंच. खरा त्रास काठावर ओढताना. आणि साल तासून, रेती धुवून मगच मिलवर ने. माझ्या एका ओंडक्यात खिळा निघाला, मिलवाल्याचं पातं गेलं, अजून बोलत नाही माझ्याशी.

पुणेकर_77: सागच असणार, पाण्यात टिकलाय म्हणजे सागच.

सुतारदा: असं काही नसतं हो. गोड्या पाण्यात गाळाखाली हवाच नसते, मग कुठलंही कडक लाकूड टिकतं. सालीचे मगरीच्या पाठीसारखे चौकोन पडलेत का बघ, तसं असेल तर ऐनाचं झाड.

ठाण्याची_ताई: मगरीवरून आठवलं, जगबुडीत खऱ्या मगरी आहेत ना?? कोणीच बोलत नाहीये!

फणसवाला: आहेत, पण कुणाला काही करत नाहीत.

ठाण्याची_ताई: हे मगरीला विचारलंत का?

पुणेकर_77: सागच आहे. अयोध्येच्या राममंदिराला पण आपल्या बल्लारशाचाच साग गेला, 2023 मध्ये.

रेंजरचा_मुलगा: भावा, आधी वाच. भारतीय वन अधिनियम 1927, कलम 45. वाहत आलेलं, काठाला लागलेलं किंवा बुडालेलं लाकूड, कुणी मालकी सिद्ध करेपर्यंत सरकारचं धरतात. वनखात्याच्या रेंज ऑफिसला अर्ज दे, ते नोटीस काढतात, दावा करायला किमान दोन महिने असतात. परस्पर काढलंस तर वाहतूक परवाना कुठून आणणार? परवान्याशिवाय मिलवाला हात लावणार नाही.

फणसवाला: अरे कोण बघतंय.

रेंजरचा_मुलगा: फळ्या भरलेला टेम्पो नाक्यावर सगळे बघतात.

सुतारदा: जे काय कराल ते, ओंडका उन्हात टाकू नका, फुटेल. ओला असतानाच चिरा, टोकांना जुना रंग फासा, मध्ये पट्ट्या ठेवून सावलीत रचा. जाडीला इंचामागे वर्ष धरा.

ठाण्याची_ताई: म्हणजे दोन इंची फळीला दोन वर्षं? आमच्याकडे जुन्या घराच्या तुळया मिळाल्या, वाळलेल्या, एकदम झकास. तेच घे.

पुणेकर_77: कितीला मिळाल्या?

ठाण्याची_ताई: ते सोडा, भाऊंना माहीत.

जगबुडीकाठ: सगळ्यांचे आभार. काल अर्जाचा विचार करत डोहावर गेलो, बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, त्याच्या पोटात वाम बसते, तो हलवलास तर मी कुठे बसू? मग त्यांनीच गळाला लागलेली हातभर वाम वर काढून दाखवली. ओंडका तिथेच. झोपाळ्याला खेडच्या बाजारातून लोखंडी पाट आणि साखळ्या घेतल्या, 6 हजार.

सुतारदा: लोखंडी?? उन्हाळ्यात बसून दाखव त्यावर.

पुणेकर_77: पण होता साग.