मदत हवी आहे: 6:35च्या व्हॅनआधी मुलांच्या पोटात काय घालावं? (शाकाहारी, अंड्याशिवाय)

नमस्कार मंडळी,

नाश्त्याचे जुने धागे चाळून झाले. पाककृती छान आहेत, पण बहुतेक रविवारच्या आहेत. सकाळी सहाला कोथिंबीरवड्या वाफवणारी बाई मला अजून भेटायची आहे. म्हणून वेगळा धागा काढतेय.

आम्ही जळगावात राहतो. थोरला सहावीत. त्याची व्हॅन 6:35ला कोपऱ्यावर येते आणि व्हॅनवाले काका दोनदाच हॉर्न वाजवतात, तिसऱ्यांदा नाही. धाकटी दुसरीत. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा शासन निर्णय 2024मध्ये निघाला, त्यामुळे तिची शाळा उशिरा भरते. पण मला 8:10ची एसटी धरायची असते (नोकरी पारोळ्याला), म्हणजे तिचंही सगळं आठच्या आत उरकावं लागतं. मिस्टर रेल्वेत, भुसावळला. त्यांची रात्रपाळी असली की सकाळी घरात मोठं माणूस मी एकटीच. सासूबाई शेतीच्या कामामुळे यावलकडे गावी असतात.

मुख्य अडचण थोरल्याची. त्याला सकाळी भूकच नसते. दात घासून येतो, ताटासमोर बसतो, पोळीचा एक तुकडा तोडतो, भाजीत बुडवतो आणि ताटाच्या कडेला ठेवून देतो. मग दुसरा तुकडा तोडून त्याच्या शेजारी. हॉर्न वाजला की पाणी पिऊन पळतो आणि मागे ताटाच्या कडेने चार तुकडे ओळीने मांडलेले असतात. शेवटी काय होतं, चहात बुडवून दोन टोस्ट. तेवढंच पोटात जातं. चहा-टोस्ट हा नाश्ता नाही हे मलाही कळतं, पण उपाशी जाण्यापेक्षा बरं म्हणून देते.

पोहे, उपमा, शेवया आलटून पालटून होतातच. पोहे खातो, पण दुसऱ्या तासाला पोटात कावळे ओरडतात म्हणतो. दूध नको, सायीचा वास येतो. रात्री भिजवलेले ओट्स एकदा पुढे ठेवले, तर "मम्मी, हे म्हशीच्या ओल्या ढेपेसारखं लागतं" म्हणाला. गावी आजोबांकडे म्हशी आहेत, त्यामुळे उपमा अगदी अचूक होती. डब्यातली चॉकलेटची सिरियल्स मी घरात आणत नाही. साखर बघितली की खाऊच्या रांगेत ठेवावीत अशीच आहेत ती.

धाकटी खाते सगळं, पण तिचं हिमोग्लोबिन थोडं कमी आलंय. डॉक्टरांनी लोहाचं सिरप दिलंय आणि आहारही सुधारा म्हणालेत.

सल्ला देण्याआधी एक विनंती. सासू-सासरे माळकरी, घरात अंडं येत नाही. त्यामुळे "अंडं उकडून द्या, विषय संपला" हे नको. ते चांगलं असतं हे मान्यच आहे.

आता विचारायचं ते. भूक नसलेल्या मुलाला दहा मिनिटांत जाईल असं काय? रात्री काय करून ठेवता येईल, तेही मार्च-एप्रिल धरून? आमच्याकडे तेव्हा इडलीचं पीठ रात्री बाहेर राहिलं तर पहाटे ओट्यावर उतरलेलं असतं. घरात केळी घडाने येतात, पण सासूबाईंच्या मते सकाळी केळं म्हणजे कफ. यात तथ्य आहे का? आणि धाकटीच्या लोहासाठी नाश्त्यात नेमकं काय बदलू?

– तापीकाठची सून

*

धुळ्याची लेक:
ताई, घरात कळण्याचं पीठ (ज्वारी नि अख्खे उडीद एकत्र दळलेलं) असेलच ना? भाकरी विसरा, धिरडी करा. माझी दोघं भाकरीला नाक मुरडतात आणि तेच पीठ धिरडं होऊन आलं की भांडून खातात.

रात्री फक्त एवढं करायचं: गिलकं किंवा दुधीभोपळा किसून, कोथिंबीर चिरून, जिरं-लसूण ठेचून एका डब्यात घालून फ्रिजमध्ये. पीठ रात्री भिजवू नका, उन्हाळ्यात आंबतं. सकाळी उठल्या उठल्या वाटीभर पीठ कोमट पाण्यात सरसरीत कालवायचं, डब्यातलं मिसळायचं, मीठ बघून घालायचं (दळतानाच मीठ टाकलेलं असतं) आणि मुलाला उठवायला जायचं. तो उठेपर्यंत पीठ फुगतं. नुसत्या ज्वारीचं धिरडं तव्यावर तुटतं, कळण्याचं तुटत नाही, उडदाचा चिकटपणा असतो ना. तवा चांगला तापू द्या, पीठ कडेकडून ओता, कडा सुटल्याशिवाय उलथनं लावू नका.

आणि हो, ताटात देऊच नका. गुंडाळी करून हातात द्या. बूट घालता घालता संपते.

जुना अमळनेरकर:
हे सगळं वाचून दमलो. आमले तं शिळी भाकर नि दूध, झायं काम! रात्रीची दादरची, म्हणजे ज्वारीची, भाकर सकाळी कुस्करायची, वर दूध, चिमूटभर मीठ. शाळेत चालत जायचो आणि दुपारपर्यंत भूक आठवत नसे. आता मुलांना आधी विचारतात काय खाणार म्हणून, मग असं होतं.

तापीकाठची सून:
काका, पटतंय. पण दूध त्याला चालत नाही हे वर लिहिलंय. आणि तुमची शाळा बहुधा अकराची असेल.

जुना अमळनेरकर:
अकराचीच होती. मग दूध नको, ताक घाला. वर लसणाची फोडणी. पण भाकर रात्री उघड्यावर ठेवू नका, मे महिन्यात बुरशी धरते.

फळा-खडू:
मी प्राथमिक-माध्यमिक दोन्ही वर्गांना शिकवते, सकाळचं सत्र. ताई, सहा वाजता मुलाला भूक नसणं ही मला तरी तक्रार वाटत नाही. रात्री साडेनऊला जेवलेलं मूल पहाटे पावणेसहाला उठवल्यावर काय खाणार? तुम्ही एका बैठकीत पूर्ण नाश्ता बसवायला बघताय, तिथे गाडी अडतेय.

दोन भाग करा. घरातून निघताना अगदी थोडं: एक केळं आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, किंवा एक शेंगदाणा-तिळाचा लाडू. खरा नाश्ता डब्यात, छोट्या सुट्टीसाठी. आमच्याकडे ती साडेआठ-नऊला होते, तुमच्या शाळेची वेळ विचारून घ्या. मी वर्गात बघते, छोट्या सुट्टीत वेफर्सचा पुडा फोडणारी मुलं चौथ्या तासाला बाकावर डोकं टेकतात. धिरडं, थालीपीठ, फुनके (वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके) आणणारी टेकत नाहीत. शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण वर्षानुवर्षं हेच दिसतं.

शिवाय रात्रीचं जेवण आठच्या आत आणून बघा. सकाळची भूक आपोआप परत येते. तुमच्या नोकरीत ते कसं जमवायचं हे मात्र मी सांगू शकत नाही, मला स्वतःला रोज जमत नाही.

वाटी-चमचा:
आहारशास्त्र शिकले आहे, म्हणून थोडे आकडे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशींनुसार 7 ते 9 वर्षांच्या मुलांना दिवसाला साधारण 23 ग्रॅम आणि 10 ते 12 वर्षांच्या मुलांना 32 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. म्हणजे सकाळच्या खाण्यातून सात-आठ ग्रॅम गेली तरी थोरल्याचं चांगलं चाललंय म्हणायचं. चार भाग ज्वारी, एक भाग अख्खे उडीद असं कळण्याचं पीठ 60 ग्रॅम घेतलं तर त्यात साडेसात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. तेवढ्याच वजनाच्या पोह्यांत चारेक ग्रॅम. दुसऱ्या तासाचे कावळे तिथून येतात. पोहे सोडू नका, त्यात मूठभर शेंगदाणे आणि वाफवलेले मटार किंवा मोड आलेले मूग घाला. ज्वारीत लायसिन कमी असतं, ते उडदातून मिळतं. आपल्या आज्यांनी हे मिश्रण उगाच नाही बसवलं.

केळ्याने कफ होतो याला आधार नाही. सर्दी झालेली असताना घशाला जड वाटत असेल तर त्या दिवशी देऊ नका, एवढंच. पण केळं म्हणजे नाश्ता नव्हे. 100 ग्रॅम केळ्यात 90 कॅलरी आणि जेमतेम एक ग्रॅम प्रथिनं. सोबत 30 ग्रॅम शेंगदाणे दिले की आणखी सातेक ग्रॅम मिळतात. जळगावात राहून केळं टाळणं म्हणजे जरा अतीच.

धाकटीसाठी सगळ्यात आधी जेवणाच्या आगेमागे असलेला चहा बंद. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू याने उलट होतं, लोह जास्त शोषलं जातं. म्हणून पोह्यांवर लिंबू फक्त चवीपुरतं समजू नका. सिरप दुधासोबत देत असाल तर वेळा वेगळ्या करा, कॅल्शियमही आड येतं. गूळ घाला चवीसाठी, पण गुळावर भिस्त नको. अळिवाचा लाडू, मोडाची मटकी, मेथी-राजगिरा घातलेलं थालीपीठ हे जास्त कामाचं. धिरडी लोखंडी तव्यावर करा. आणि हे सगळं सिरपच्या जोडीला, सिरपऐवजी नाही. पुन्हा तपासणी कधी करायची ते डॉक्टरांना विचाराच.

तापीकाठची सून:
सिरप मी दुधासोबतच देत होते, बाटलीवर काही लिहिलेलं नाही. आजपासून बदलते. धाकटीला चहा नाही, पण थोरल्याच्या टोस्टचा चहा ती चाखते हे खरं.

फळा-खडू, छोट्या सुट्टीचं विचारलं. 9:10ला असते, दहा मिनिटं. म्हणजे डबा असा हवा की दहा मिनिटांत संपेल आणि हात तेलकट होणार नाहीत. नाहीतर वहीवर पिवळी बोटं उठतात.

सातपुड्याचा पायथा:
मग फुनके. ते कढीसोबतच खायचे असा नियम कोणी केलाय?

तुरीची आणि मुगाची डाळ निम्मी-निम्मी, सकाळी कामावर जाताना भिजत टाका (उन्हाळ्यात फ्रिजमध्येच). संध्याकाळी पाणी निथळून जाडसर वाटा, पाणी अजिबात घालायचं नाही. कांदा, लसूण, जिरं, कोथिंबीर, थोडा ओवा. मिरची मुलांच्या बेताने. मुठीत दाबून लांबट मुटके करा, चाळणीत ठेवून पंधरा-वीस मिनिटं वाफवा. भाताचा कुकर लागतो तेव्हाच शेजारच्या शेगडीवर होऊन जातात. त्या रात्री घरी कढीसोबत खा, उरलेले झाकून फ्रिजमध्ये. सकाळी सुरीने चकत्या, चमचाभर तेलात तीळ-जिरं तडतडलं की परतून डब्यात. हात कोरडे राहतात, तुकडे तोंडात टाकता येतात. दोन दिवस टिकतात, तिसऱ्या दिवशी मी देत नाही.

धाकटीला नागलीची (नाचणीची) पेजही चालेल. आमच्याकडे नंदुरबारकडे नागली मोड आणून, वाळवून, भाजून दळतात. ते पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडलं की पाच मिनिटांत पेज. ताक-मीठ घाला किंवा गूळ. नागलीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दूध न पिणाऱ्या थोरल्यालाही उपयोगी.

धुळ्याची लेक:
त्याला पेज पाजून दाखवा आधी! ओट्सना ढेप म्हणणारं पोरगं आहे ते. नागलीचं पीठ धिरड्यातच दोन चमचे ढकला, रंगाशिवाय काही कळत नाही.

तापीकाठची सून:
हाहा, तेच करते.

असं ठरवलंय: निघताना केळं-शेंगदाणे किंवा लाडू. डब्यात सोम-मंगळ फुनक्यांच्या चकत्या, बुध-गुरू कळण्याची धिरडी, शुक्रवारी त्याचे आवडते पोहे, शेंगदाणे आणि मूग घालून. शनिवारी मिस्टर घरी असतात, ते काय करतील ते खावं. टोस्टचा डबा वरच्या फळीवर.

एकच राहिलं. घरातलं कळण्याचं पीठ सासूबाई गावाहून पाठवतात, ते संपत आलंय. इथे गिरणीत दळून आणायचं तर उडीद धुवून घ्यायचे का? आणि पीठ किती टिकतं?

धुळ्याची लेक:
धुवू नका. धुतले तर कडकडीत वाळवावे लागतात, ओल राहिली की पीठ लवकर कुबट होतं. निवडून ओल्या फडक्याने पुसा, तासभर उन्हात टाका. उडीद अख्खे, सालासकट. जाडं मीठ दळणातच टाका. आधी कोणाचे गहू दळले असतील तर गिरणीवाल्याला पहिलं मूठभर पीठ बाजूला काढायला सांगा. उन्हाळ्यात दोन किलोच्या वर दळू नका, महिन्याच्या आत संपवा. धिरड्यासाठी बारीक दळायला सांगा, भाकरीचं थोडं जाडसर असतं.