लेस्टरमधील घर विद्यार्थ्यांना भाड्याने देताना अग्निरोधक दरवाजे लागतील का?

प्रश्न : आमचे तीन मजली घर आतापर्यंत एकाच कुटुंबाकडे भाड्याने होते. आता ते परस्परांशी नाते नसलेल्या पाच विद्यार्थ्यांना खोलीनिहाय द्यायचे आहे. जुने भक्कम लाकडी दरवाजे चालतील का?

उत्तर १ : इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या कुटुंबांतील पाच किंवा अधिक जण स्वयंपाकघर सामायिक वापरत असतील, तर २००४ च्या हाउसिंग अ‍ॅक्टनुसार कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, परवाना घ्यावाच लागतो. अशा तीन मजली घरात जिन्याकडे उघडणाऱ्या खोल्यांना आणि विशेषतः स्वयंपाकघराला सहसा ‘एफडी ३०’, म्हणजे ३० मिनिटे आग थोपवणारे दरवाजे मागितले जातात, कारण वरच्या मजल्यावर झोपलेल्यांना बाहेर पडायला तो जिनाच काय तो मार्ग असतो.

उत्तर २ : केवळ दाराचे पान बदलून भागत नाही. उष्णतेने फुगून फट बुजवणारी पट्टी, धूर अडवणारी पट्टी, दार आपोआप लावणारा क्लोजर आणि घट्ट बसलेली चौकट हे सारे मिळून दरवाजा आग अडवतो. खोलीचे कुलूप आतून किल्लीशिवाय उघडलेच पाहिजे. याबाबत कृपया तडजोड करू नका. हवेसाठी दाराला पाचर लावून ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांना असते, तीही पहिल्याच दिवशी मोडावी.

प्रश्नकर्ता : आपणा दोघांचा आभारी आहे. सुताराला बोलावण्याआधी कौन्सिलकडून लेखी अटी मागवतो.