रेंजवरचं शिसं घरात येऊ नये म्हणून काय करावं?

नेमबाज_२२: बंदिस्त रेंजवर आठवड्यातून तीनदा पिस्तुलाचा सराव असतो, गोळ्या भंगाराच्या शिशातून ओतलेल्या. घरात दोन वर्षांचं मूल आहे. शिसं अंगात जास्त कशातून जातं, ओतकामातून की गोळीबारातून?

ओतारी: बंदिस्त रेंजवर गोळीबारातूनच जास्त. नेहमीच्या प्राइमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणाऱ्या टोपीत, लेड स्टिफनेट हे शिशाचं संयुग असतं आणि प्रत्येक बाराला त्याची बारीक धूळ तोंडासमोरच उडते. हवा पाठीकडून टार्गेटकडे वाहायला हवी. फायरिंग लाइनवर टिश्यूची पट्टी धरून बघा. ती टार्गेटकडे झुकली नाही, नुसती लोंबत राहिली किंवा अंगाकडे वळली, तर त्या दिवशी सराव नको.

ओतताना भीती सगळ्यांना वाफेची वाटते. पण शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि भांडं ३७०च्या आसपास ठेवलं तर वाफ फारच थोडी होते. घात करते ती वर जमणारी करडी मळी. ती कोरडी भुकटी असते, चमच्याने काढताना उडते. ती थेट झाकणाच्या डब्यात टाका. काम उघड्यावर करा, स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी कधीच वापरू नका.

जुनं_भंगार: बॅटरीतलं शिसं घेऊच नका. त्यात अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियम असतं. त्या मळीला ओल लागली तर आर्सिन आणि स्टिबिन हे विषारी वायू सुटू शकतात. गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावलेल्या शिशाच्या वजनांत जस्ताचीही निघतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणून ३७०ला ती तरंगतात, तेव्हाच उचलून काढा. आणि वितळलेल्या शिशात गार तुकडा टाकू नका. भेगेतला पाण्याचा थेंब शिशाखाली गेला की क्षणात वाफ होते आणि अख्खं भांडं अंगावर उसळतं. भंगार थंड भांड्यातच भरायचं, मग आच लावायची.

नेमबाज_२२: रेंजवरून निघताना हात सॅनिटायझरने पुसले तर पुरतं का?

ओतारी: नाही. त्याने जंतू मरतात, शिसं हातावरच राहतं. साबण आणि गार पाणी, तोंडही धुवा, मगच पाण्याची बाटली उघडा. बूट दाराबाहेर, कपडे वेगळे धुवायचे. ओतकामाच्या जागी कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी टरफलं, कोरड्या टंबलरमध्ये (भुसा भरलेल्या फिरत्या डब्यात) घासत असाल तर ते आधी थांबवा, त्या भुशाची धूळ शिशाने भरलेली असते.

मुलाची रक्तातल्या शिशाची तपासणी आत्ताच करून घ्या. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१पासून मुलांसाठी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी धरली आहे, पण त्याखालचं शिसं निर्धोक असं कुणी म्हणत नाही. स्वतःचीही करा.