आयोवातल्या विनेशीक काउंटीचा नकाशा कसा वाचायचा?

भूगोलवेडी:
नमस्कार मंडळी. अमेरिकेत आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यात विनेशीक काउंटी आहे, तिचा अभ्यास चाललाय. एका जुन्या खरेदीखतात जमिनीचं वर्णन असं आहे: ‘वायव्य पाव, आग्नेय पाव, सेक्शन २२, टाउनशिप ९७ उत्तर, रेंज ८ पश्चिम’. ही जागा नेमकी कुठे आली? आयोवातले रस्ते चौकटीच्या वहीसारखे असतात असं वाचलं होतं, पण डेकोरा गावाभोवती ते वेडेवाकडे दिसतात. असं का? आणि तिथली वस्ती कुणाची, हेही कुणी सांगेल का?

सेक्शन३६:
वर्णन शेवटाकडून वाचा. टाउनशिप ९७ म्हणजे आधाररेषेपासून उत्तरेकडे मोजलेली ओळ, रेंज ८ म्हणजे पश्चिमेकडे मोजलेली रांग. दोन्ही मिळतात तिथे साधारण ६ मैल बाय ६ मैलांचा चौकोन, यालाही टाउनशिपच म्हणतात. तुमचा चौकोन डेकोरा टाउनशिपच्या दक्षिणेला लागून. त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकर. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात. पहिली ओळ पूर्वेकडून पश्चिमेला १ ते ६, दुसरी पश्चिमेकडून पूर्वेला ७ ते १२, असे आलटूनपालटून जात ३६ नंबर आग्नेय कोपऱ्यात येतो. तुमचा २२ उत्तरेकडून चौथ्या ओळीत, पश्चिमेकडून चौथा. त्याचा आग्नेय पाव १६० एकर आणि त्या पावाचा वायव्य पाव ४० एकर. शेतकरी याला नुसतं ‘फॉर्टी’ म्हणतात.

आता एक गोष्ट कागदावर काढून बघा. हा तुकडा सेक्शनच्या मध्यबिंदूला टेकतो, पण सेक्शनच्या चारही कडांपैकी एकीलाही लागत नाही. रस्ते बहुतेक सेक्शनच्या कडांवरून जातात. म्हणजे शेजाऱ्याच्या जमिनीतून वहिवाटीचा हक्क नसेल, तर अशा फॉर्टीला वाटच नाही. खतात तसा उल्लेख आहे का, ते जरूर पाहा.

प्रत्येक फॉर्टी बरोबर ४० एकर भरेल, असंही धरू नका. रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येत जातात, त्यात मोजणीतली चूक मिसळते. ही सगळी कमी-जास्त टाउनशिपच्या उत्तरेच्या ओळीत आणि पश्चिमेच्या रांगेत (६, ७, १८, १९, ३०, ३१) ढकललेली असते. २२ मात्र आतला आहे, त्याला याचा त्रास कमी. पहिला खरेदीदार शोधायचा असेल तर केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर राज्य, टाउनशिप, रेंज आणि सेक्शन टाकून शोधा. मूळ पट्ट्यांच्या, म्हणजे सरकारने जमीन दिल्याच्या कागदांच्या, प्रती फुकट बघता येतात. त्या काळी सरकारी जमिनीचा किमान भाव एकरी सव्वा डॉलर होता, म्हणजे एक फॉर्टी ५० डॉलरला.

चुनखडी:
रस्त्यांचं उत्तर दगडात आहे. हा भाग ‘ड्रिफ्टलेस’, म्हणजे हिमनदीचा गाळ नसलेल्या, प्रदेशात मोडतो. शेवटच्या हिमयुगातला बर्फ इथवर आलाच नाही. पाच लाख वर्षांपूर्वीचा बर्फ मात्र येऊन गेला होता, पण त्याने टाकलेला गाळ नंतर बहुतेक धुपून गेला. म्हणून डेकोराभोवती अपर आयोवा नदीने चुनखडीत खोल दऱ्या कोरलेल्या दिसतात. एवढ्या उतारावर सरळ रस्ता टिकत नाही, तो पाण्याच्या वाटेनं किंवा डोंगरकण्यावरून जातो. काउंटीच्या नैर्ऋत्येला गेलात की जमीन सपाट होते आणि चौकटी परत दिसू लागतात.

खडकाचे थर असे: वर गॅलिना चुनखडी, खाली डेकोरा शेल (पाणी सहज न झिरपू देणारा चिकणमातीचा खडक). चुनखडीच्या भेगांतून उतरलेलं पाणी शेलवर अडतं आणि दरीच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. याच भेगांमुळे शेतात खड्डे खचतात. तिथे पडलेलं खत-मूत माती गाळत नाही, ते थेट भूजलात जातं. म्हणून डुकरांच्या बंदिस्त गोठ्यातलं पातळ खत अशा खड्ड्यापासून २०० फुटांच्या आत पसरायला आयोवात बंदी आहे. त्याच दिवशी मातीत मिसळलं किंवा खड्ड्याभोवती ५० फुटांचा कायम गवती पट्टा असला, तरच सूट. खासगी विहिरीत नायट्रेट (नायट्रोजन म्हणून) लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी तान्ह्या बाळाला देऊ नये. उकळून उपयोग नाही, उलट प्रमाण वाढतं.

वंशवेल:
माणसांकडे वळू. गोऱ्यांच्या वस्तीआधी हा मुलूख हो-चंक या मूळ अमेरिकी लोकांकडे होता. डेकोरा आणि विनेशीक ही दोन्ही नावं त्यांच्या पुढाऱ्यांची. १८४० मध्ये सैन्याने इथे फोर्ट ॲटकिन्सन बांधला. १८४८ मध्ये हो-चंकांना मिनेसोटात हलवलं आणि मग गोऱ्यांची वस्ती वाढली. ‘मोकळी जमीन मिळाली’ असं लिहिणाऱ्यांनी हा क्रम विसरू नये.

१८५० पासून नॉर्वेजियन शेतकरी आले. १८६१ मध्ये स्थापन झालेलं लूथर कॉलेज त्यांचंच, आणि डेकोरातून निघणारं नॉर्वेजियन वृत्तपत्र ‘डेकोरा-पोस्टेन’ १८७४ ते १९७२ चाललं. नैर्ऋत्येला टर्की नदीकाठी स्पिलव्हिल हे चेक गाव. संगीतकार द्वोर्झाक १८९३ चा उन्हाळा तिथेच राहिले होते. ऑसियन आणि फेस्टिनाकडे जर्मन कॅथलिक.

खरेदीखतातल्या नावावरून घराणं शोधताना नॉर्वेजियनांच्या बाबतीत घोळ होतो. बापाच्या नावावरून ‘लार्सन’ लावलेला माणूस दुसऱ्या कागदावर नॉर्वेतल्या मूळ शेताचं नाव आडनाव म्हणून लावतो. त्यामुळे आडनावावर अडून बसू नका. सेक्शन क्रमांक आणि चर्चच्या नोंदवहीतली बाप्तिस्म्याची तारीख, या दोन्ही जुळल्या तरच माणूस एक समजा.

भूगोलवेडी:
फारच उपयोगी. प्रत्यक्ष जागा बघायला गेलं तर रस्ता कसा ओळखायचा?

सेक्शन३६:
काउंटी रस्त्याच्या अक्षरावरून. आयोवात ए ते जे म्हणजे पूर्व-पश्चिम रस्ते, उत्तरेकडून मोजलेले. के ते झेड म्हणजे उत्तर-दक्षिण, पश्चिमेकडून मोजलेले. म्हणून विनेशीकमध्ये ए-५२ आडवा आणि डब्ल्यू-३८ उभा. ‘लेव्हल बी’ अशी पाटी दिसली तर पावसानंतर गाडी घालू नका. त्या रस्त्याची देखभाल अगदी जुजबी असते, खडी नसली तर ओल्या मातीत चाकं रुततात. जीपीएस मात्र बिनधास्त तिकडेच वळवतो. आणि फॉर्टीपर्यंत शेवटचं अंतर शेतातूनच असणार, तेव्हा मालकाची परवानगी आधी घ्या.