एजंटच्या टूलचं वर्णन सविस्तर लिहावं, की टूलच सुधारावं?

कोरा_कागद

एआय एजंटच्या (स्वतः कामं पार पाडणाऱ्या एआयच्या) हाती सादरीकरणाचं सॉफ्टवेअर दिलं, तरी त्यातलं एकेक काम करणाऱ्या टूलमागचा कोड त्याला सहसा दिसत नाही. दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर, म्हणजे टूलला पुरवायची माहिती. असं असूनही वर्णन ‘स्लाइड हलवते’ एवढ्यावर उरकलेलं आढळतं. मोजणी शून्यापासून की एकपासून? पॉवरपॉइंटच्या व्हीबीए या प्रोग्रामिंग भाषेत पहिल्या स्लाइडचा क्रमांक १, तर पॉवरपॉइंटच्या पीपीटीएक्स फाइली लिहिणाऱ्या पायथन-पीपीटीएक्स या लायब्ररीत ०. एजंटमागच्या एआय मॉडेलने दोन्ही तऱ्हेचा कोड वाचलेला असतो. तुम्ही लिहिलं नाहीत तर ते अंदाज करणार. अंदाज चुकला तर बहुतेक वेळा एररही येत नाही, भलतीच स्लाइड हलते आणि एजंट ‘काम झालं’ म्हणून सांगतो.

एककांचंही तेच. व्हीबीए पॉइंटमध्ये मोजतं, पीपीटीएक्स फाइलच्या आत ईएमयू हे फार बारीक एकक असतं. एका इंचात ७२ पॉइंट आणि ९,१४,४०० ईएमयू! ‘डावीकडून अंतर’ म्हणून मॉडेलने १०० दिले आणि टूलला ईएमयू हवे असतील, तर चौकट थेट काठाला चिकटते.

मोजणी, एकक, काय बदलणार आणि हे टूल कधी वापरू नये, एवढं प्रत्येक वर्णनात असायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

आडवी_रेघ

असहमत. ‘शून्यापासून मोजा’ असं बजावावं लागतं, तिथे टूलचीच रचना चुकली आहे. क्रमांक मागताच कशाला? पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड हलवली की तिचा क्रमांक बदलतो, आयडी (तिची स्वतःची ओळखखूण) बदलत नाही. गूगल स्लाइड्सच्या एपीआयमध्येही (प्रोग्रामसाठीच्या जोडणीत) प्रत्येक घटकाला ऑब्जेक्ट आयडी असतो. एजंटने आधी ३ क्रमांकाची स्लाइड काढली आणि मग ५ क्रमांकाची काढायला गेला, तर मूळची सहावी जाते. कितीही सुंदर वर्णन लिहा, हा घोटाळा टळेलच असं नाही. आयडी घेतला तर तो उद्भवतच नाही.

एककाचंही तसंच: पॅरामीटरच्या नावातच ‘पॉइंट’ घाला. लेआउटसाठी (स्लाइडच्या तयार मांडणीसाठी) मोकळा मजकूर घेऊ नका, ठरावीक पर्यायांची यादी द्या. शिवाय मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर समोर ठेवू शकतं, त्यात ही वर्णनं जागा खातात. चाळीस टूल आणि प्रत्येकाचं पानभर वर्णन, म्हणजे वापरकर्त्याने काय मागितलं तेच मागे पडतं.

कोरा_कागद

आयडीचा मुद्दा मान्य, तो बिनतोड आहे. पण दोन टूलमधून कोणतं निवडायचं हे आयडी सांगत नाही. ‘मजकूर चौकट जोडा’ आणि ‘प्लेसहोल्डर (लेआउटमध्ये राखलेली जागा) भरा’ ही दोन टूल घ्या. दोन्हींनी स्लाइडवर शीर्षक दिसतं, म्हणून एजंटच्या लेखी दोन्ही सारखीच. प्रत्यक्षात वेगळ्या चौकटीत लिहिलेलं शीर्षक आउटलाइनमध्ये येत नाही, स्क्रीन रीडरला ती स्लाइड बिनशीर्षकाची वाटते, आणि मास्टरमध्ये (स्लाइडच्या मूळ साच्यात) शीर्षकाची जागा किंवा आकार बदलला तर ही चौकट होती तिथेच राहते. दृष्टिहीन माणसाच्या हाती असं सादरीकरण पडलं तर त्याने स्लाइड शोधायच्या कशा? ‘लेआउटमध्ये शीर्षकाचा प्लेसहोल्डर असेल तर हे टूल वापरू नका’ हे एक वाक्य पुरतं. ते कोणत्या स्कीमात (पॅरामीटरच्या ठरीव आराखड्यात) बसवणार?

तिसरी_ओळ

तुम्ही दोघंही टूल चालवण्याआधीचं बोलताय. नंतरचं काय? पायथन-पीपीटीएक्स फाइल लिहितं, स्लाइडचं चित्र काढत नाही. मजकूर चौकटीबाहेर सांडला तरी एजंटला पत्ता नसतो. म्हणून वर्णनात स्पष्ट हवं: ‘मजकूर मावला की नाही हे या टूलला कळत नाही. नंतर स्लाइडचं चित्र मागवून तपासा.’ टूल काय परत देतं आणि काय देत नाही, हे मला एककाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

एररबद्दलही तेच म्हणेन. ‘अवैध इनपुट’ वाचून एजंट तीच चूक पुन्हा करू शकतो. ‘हा लेआउट नाही, उपलब्ध लेआउट हे आहेत’ असं म्हटलं तर पुढच्या खेपेला तो नीट चालतो.

आडवी_रेघ

प्लेसहोल्डरचं वाक्य मी ठेवेन, चित्र तपासण्याचंही. पण ‘वापरकर्त्याला विचारल्याशिवाय स्लाइड काढू नका’ असं वर्णनात लिहून निर्धास्त होणाऱ्यांना माझा कडाडून विरोध आहे. वर्णन ही विनंती असते, कुलूप नव्हे. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (मॉडेलला टूल जोडण्याच्या मानकात) टूल विध्वंसक असल्याची खूण करता येते, पण तीही फक्त सूचना म्हणूनच धरली जाते. परवानगी मागणं प्रोग्रामनेच सक्तीचं करावं आणि काढलेलं परत आणायची सोय ठेवावी.

कोरा_कागद

हटवण्याबाबत पूर्ण सहमत, तिथे शब्दांवर विसंबू नये. लांबीबाबत मात्र नाही. चाळीस टूल झाली असतील तर आधी टूल कमी करा, एकमेकांत मिसळणारी एकत्र आणा. उरलेल्यांच्या वर्णनातली वाक्यं छाटून जागा वाचवायला माझी तयारी नाही.